आधी नीट बंद करा

चेंज प्लॅनची एक्सेल शीट उघडली की त्यात एक ओळ हमखास सापडते: ‘अ‍ॅप्लिकेशन बंद करणे – १० मिनिटे’. बॅकअप, अपग्रेड, तपासणी यांना ऐसपैस तास दिलेले असतात. दहा मिनिटांची ती ओळ कुणी वाचतही नाही. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लिनक्स सर्व्हर सांभाळणारी एक अ‍ॅडमिन हल्ली सगळ्यात आधी तीच ओळ वाचते आणि मीटिंगमध्ये विचारते, “कोणकोणती अ‍ॅप्लिकेशन्स, कुठल्या क्रमाने, आणि बंद झाली हे ठरवणार कोण?” यावर थोडी चुळबुळ होते. मग कुणीतरी एका फोल्डरचा पत्ता देतं. त्यात ‘स्टॉप डॉट एसएच’ नावाची फाइल असते. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो.

२०२४ च्या पहिल्या सहामाहीत अशा फायली तिने बऱ्याच वाचल्या. कारण उघड होतं. जून २०१४ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ची देखभाल ३० जून २०२४ ला संपणार होती. त्यानंतर नेहमीचे सुरक्षा पॅच मिळणार नाहीत म्हटल्यावर ऑडिटवाल्यांची पत्रं सुरू झाली आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून ठेवलेले सर्व्हर एकदम रांगेत आले. दहा वर्षं एका जागी चाललेल्या मशिनवर अ‍ॅप्लिकेशन्स नुसती चालत नसतात, ती मुळं धरतात.

यातले काही सर्व्हर एका वित्तसंस्थेचे होते. वेबवर चालणारं टॉमकॅटचं अ‍ॅप्लिकेशन, त्याच्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस, फायली पाठवणारा-घेणारा एक एजंट आणि रात्री रिपोर्ट काढणारा जावाचा आणखी एक प्रोग्रॅम. मोठं काही नाही. पण बंद करायला रात्रसुद्धा सोयीची राहिलेली नव्हती. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू आहे. त्याआधी बँकिंगची रात्र ही खरोखरची रात्र होती, दिवसअखेर झाली की सर्व्हर आपला. आता दोन वाजतासुद्धा कुणीतरी कुणाला पैसे पाठवत असतं आणि त्याची फाइल कुठेतरी जात असते.

पहिलं काम होतं यादीचं. या मशिनवर नेमकं चालतंय काय? सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीला विचारलं तर ती आपल्या नोंदीतल्या सेवा सांगते. पण रिपोर्टचा प्रोग्रॅम तिच्या नोंदीत नव्हताच. तो कधीकाळी कुणीतरी लॉगिन करून ‘नोहप’ लावून सोडलेला होता आणि मशिन रीबूट झालंच तर एका वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबमधली ‘अ‍ॅट रीबूट’ची ओळ त्याला पुन्हा उठवत होती. क्रॉनटॅब, आरसी लोकल, जुन्या इनिट स्क्रिप्ट, कुणाच्या तरी होम फोल्डरमधल्या फायली असं सगळं धुंडाळल्यावर यादी तयार झाली. क्रम मात्र कुठेच लिहिलेला नव्हता. तो मिळाला फोनवर, संस्थेतून निवृत्त झालेल्या एका ऑपरेटरकडून. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, “आधी रिपोर्ट थांबवा, मग एजंट. एजंट आधी थांबवलात तर रिपोर्ट फाइल टाकत राहतो आणि सकाळी सगळ्या डबल जातात.” एवढं एक वाक्य कुठल्याही कागदावर नव्हतं. ते तिने स्क्रिप्टमध्ये टिप्पणी म्हणून जसंच्या तसं, देवनागरीत लिहून ठेवलं. परदेशातल्या सहकाऱ्याला ते वाचता येणार नाही, ही तक्रार नंतर आली. तेव्हा खाली इंग्रजी ओळ जोडली, मूळ पुसलं नाही.

जुन्या ‘स्टॉप डॉट एसएच’मध्ये काय होतं ते सांगायला हवं, कारण अशी स्क्रिप्ट भारतातल्या कुठल्याही डेटा सेंटरमध्ये सापडेल. चालू प्रोसेसची यादी काढायची, त्यात ‘जावा’ हा शब्द शोधायचा, शोधणारी ग्रेपची ओळ वगळायची आणि उरतील त्या सगळ्यांना किल मायनस नाइन. एका ओळीत काम तमाम. त्या मशिनवर जावाचं एकच अ‍ॅप्लिकेशन होतं तोवर हे खपलं. दुसरं आल्यापासून पहिल्याची स्टॉप स्क्रिप्ट दुसऱ्यालाही मारत होती आणि त्याचं खापर बरीच वर्षं मेमरीवर फुटत होतं.

लिनक्समध्ये प्रोसेसला थांबवायचे सभ्य आणि असभ्य असे दोन्ही मार्ग आहेत. १५ नंबरचा सिग्नल म्हणजे ‘आवरा आता’. तो ऐकून प्रोग्रॅम हातातलं काम संपवू शकतो, उघड्या फायली मिटवू शकतो, डेटाबेसची जोडणी सोडू शकतो. ९ नंबरचा सिग्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही, कर्नल त्याला जागच्या जागी संपवतो. जावामध्ये बंद होताना करायच्या कामांची सोय असते, पण नऊ नंबरपुढे त्यातलं काही चालत नाही. टॉमकॅटच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये यावर चांगला तोडगा आहे: ‘स्टॉप’पुढे सेकंदांचा आकडा आणि ‘फोर्स’ असं लिहिलं की ती आधी सांगून बघते, तेवढे सेकंद थांबते आणि मगच हात उगारते. अट एकच, पीआयडीची, म्हणजे प्रोसेसच्या नंबरची, फाइल कुठे आहे ते तिला आधी सांगून ठेवावं लागतं. ही सोय असताना घरोघरी किल मायनस नाइन का लिहिलं जातं? घाई हे एक कारण. दुसरं असं, की बंद करण्याच्या स्क्रिप्टचं कौतुक कुणी करत नाही. डेमो नेहमी स्टार्टचा असतो.

पोस्टग्रेसचं उदाहरण जास्त बोलकं आहे. त्याला बंद करायच्या तीन रीती आहेत: स्मार्ट, फास्ट आणि इमिजिएट. स्मार्टमध्ये तो नवी जोडणी घेत नाही, पण असलेली प्रत्येक जोडणी आपणहून सुटेपर्यंत वाट बघतो. फास्टमध्ये चालू व्यवहार मागे घेऊन जोडण्या तोडतो आणि शिस्तीत बंद होतो. इमिजिएटमध्ये सरळ कोसळतो, पुढच्या वेळी उठताना लॉग वाचून स्वतःला सावरत बसतो. ९.५ आवृत्तीपासून न सांगता मिळणारी रीत फास्ट आहे, त्याआधी स्मार्ट होती. म्हणजे जुन्या स्क्रिप्टमध्ये रीत लिहिलेली नसेल तर तीच ओळ एका आवृत्तीवर जोडण्या सुटण्याची वाट बघत लटकेल आणि दुसऱ्यावर चुटकीसरशी संपेल. तिने आपल्या स्क्रिप्टमध्ये रीत स्पष्ट लिहिली. आणि डेटाबेसला हात लावण्याआधी समोरची वर्दळ थांबवली. एचएप्रॉक्सीमध्ये सर्व्हरला ‘ड्रेन’मध्ये टाकता येतं: बसलेल्या पंगतीला उठवायचं नाही, फक्त नवी पानं मांडायची नाहीत.

थांबवणं अवघड, पण त्याहून अवघड आहे तो साधा दिसणारा प्रश्न: चालू आहे का?

याचं उत्तर स्क्रिप्ट बहुधा पीआयडीच्या फाइलमधून काढते. प्रोग्रॅम सुरू होताना आपला नंबर एका फाइलमध्ये लिहितो, स्क्रिप्ट तो नंबर जिवंत आहे का बघते. मशिन अचानक रीबूट झालं आणि फाइल अ‍ॅप्लिकेशनच्याच फोल्डरमध्ये असेल तर ती तशीच राहते आणि तो नंबर आता भलत्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो. बऱ्याच जुन्या लिनक्सवर नंबर ३२,७६८ पर्यंत जाऊन पुन्हा खालून सुरू होतात, त्यामुळे हा योग वाटतो तितका दुर्मिळ नाही. मग टॉमकॅट म्हणतो, मी चालू दिसतोय, सुरू करणं रद्द. उलट फाइल ‘व्हार रन’मध्ये असेल तर रेड हॅट ७ पासून ती जागा मेमरीत असते. रीबूटनंतर फाइलच काय, फोल्डरही नाहीसा होतो आणि प्रोग्रॅम आपला नंबर लिहायला जागा नाही म्हणून बसतो.

पीआयडी नको म्हणून काही जण नावाने शोधतात. रिपोर्टचा प्रोग्रॅम बंद केला तरी स्क्रिप्ट ‘चालू आहे’ असंच म्हणत होती, तेव्हा खोदून पाहिल्यावर दिसलं की टीममधलाच एक जण दुसऱ्या खिडकीत त्याचा लॉग बघत होता. लॉगच्या पत्त्यात प्रोग्रॅमचं नाव होतं. स्क्रिप्टच्या लेखी लॉग वाचणारा माणूसच अ‍ॅप्लिकेशन!

शेवटी तिने तपासणीत तीन गोष्टी ठेवल्या. ठरलेल्या वापरकर्त्याच्या नावाने, ठरलेल्या पत्त्यावरून सुरू झालेली प्रोसेस आहे का. ठरलेला पोर्ट ऐकतोय का. आणि अ‍ॅप्लिकेशनचं एक खरं पान डेटाबेसमधून काही वाचून परत येतंय का. तिन्ही हो तर चालू, तिन्ही नाही तर बंद आणि मधलं काहीही असेल तर माणसाला बोलवा. ही मधली पायरी महत्त्वाची. जुन्या इनिट स्क्रिप्टच्या प्रमाणकातसुद्धा ‘स्टेटस’ला नुसतं हो-नाही नव्हतं: ० म्हणजे चालू, ३ म्हणजे बंद आणि १ म्हणजे मेलाय, पण पीआयडीची फाइल मागे राहिलीय. क्लस्टर सांभाळणाऱ्या पेसमेकरमध्ये ‘चालू नाही’साठी ७ हा वेगळा आकडा आहे आणि तिथे आणखी एक नियम आहे जो सगळ्यांनी उचलावा: आधीच बंद असलेल्याला बंद करायला सांगितलं तर ते यशच मानायचं. कारण पेसमेकरला ‘बंद करता आलं नाही’ असं उत्तर मिळालं आणि फेन्सिंग लावलेलं असेल, तर तो अख्ख्या मशिनची वीज तोडायला कमी करत नाही. अपग्रेडच्या आधी क्लस्टर मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचं विसरलं तर आणखी मजा. तुम्ही थांबवता, तो उठवतो. तुम्ही पुन्हा थांबवता, तो दुसऱ्या मशिनवर उठवतो.

‘एवढी स्क्रिप्ट लिहीत बसण्यापेक्षा हाताने करा ना,’ असं प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात तेव्हा ती नाइट कॅपिटलची गोष्ट सांगते. अमेरिकेतली ही शेअर दलाल कंपनी. २०१२ च्या जुलैअखेर नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर हाताने टाकला गेला, त्यातला एक राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे करून बसला. तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर. अमेरिकेच्या सेबीने, म्हणजे एसईसीने, नंतर काढलेल्या आदेशातला तपशील वाचण्यासारखा आहे: गडबड आवरायला कंपनीने नवा प्रोग्रॅम बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरूनही काढून टाकला आणि त्याने प्रकरण आणखी चिघळलं.

परत फिरणं हे अपग्रेडमधलं सगळ्यात कमी सराव केलेलं काम. १७ जून २०१२ ला ब्रिटनच्या आरबीएस बँक समूहात रात्रीच्या बॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड झालं. काही विसंगती दिसल्या म्हणून ते काढून मागच्या आवृत्तीवर यायचं ठरलं. काढल्याने काय होईल याची चाचणी झालेली नव्हती आणि दोन आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. ६५ लाखांवर ग्राहकांना त्याची झळ बसली. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामकांनी मिळून ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड ठोठावला. बॅच शेड्युलर म्हणजे तरी काय, शेकडो अ‍ॅप्लिकेशन्सना ‘आता तू, मग तू’ सांगणारी यंत्रणा. बदल तिच्यातच होता.

रेड हॅट ७ वरून जागच्या जागी ८ वर न्यायला ‘लीप’ नावाचं साधन आहे. ते आधी तपासणी करून अहवाल देतं, अडथळे सांगतं, मग मशिन रीबूट करून एका तात्पुरत्या छोट्या सिस्टिममधून पॅकेजेस बदलतं. त्यात आपल्या तपासण्या पायथनमध्ये लिहून जोडताही येतात. एक गोष्ट मात्र ते करत नाही: रेड हॅटने सही न केलेल्या पॅकेजेसना आणि कुणीतरी हाताने टाकलेल्या अ‍ॅप्लिकेशन्सना ते सांभाळत नाही. परतीचा वेगळा मार्गही त्यात नाही. परत यायचं म्हणजे आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर यायचं. आणि स्नॅपशॉट डेटाबेसलाही मागे नेतो. अ‍ॅप्लिकेशन लोकांसाठी उघडून दहा व्यवहार झाले की ते दहा व्यवहार पुसल्याशिवाय मागे जाता येत नाही. म्हणून ‘सुरू करणे’ हा एक टप्पा ठेवून चालत नाही. डेटाबेस उठला, अ‍ॅप्लिकेशन उठलं, पण दार बंद, अशी एक अवस्था स्क्रिप्टमध्ये मुद्दाम ठेवावी लागते.

यासाठी तिने वापरलेली युक्ती साधी आहे. एका ठरलेल्या जागी एक रिकामी फाइल ठेवायची. प्रत्येक सेवेच्या सिस्टमडी युनिटमध्ये अट घालायची की ही फाइल असेल तर सुरू होऊ नकोस. क्रॉनच्या ओळींनाही तीच अट. त्यामुळे लीपने कितीही वेळा रीबूट केलं तरी अर्धवट बदललेल्या सिस्टिमवर अ‍ॅप्लिकेशन आपणहून उठत नाही. एक खोच आहे: अशी अट आडवी आली तर सिस्टमडी तक्रार करत नाही, ‘सुरू कर’ या आज्ञेला यशाचाच आकडा परत येतो. म्हणजे पुन्हा तीच तीन गोष्टींची तपासणी. डेबियनच्या लोकांना याच कामासाठी वेगळी सोय आहे. तिथे पॅकेज अपग्रेड होताच सेवा परस्पर सुरू होतात आणि ते रोखायला ‘पॉलिसी-आरसी डॉट डी’ नावाची स्क्रिप्ट ठेवून तिच्याकडून १०१ हा आकडा परत द्यायचा असतो.

दार बंद ठेवण्याचं दुसरं कारण पोस्टग्रेस. अक्षरांचा क्रम लावताना तो सिस्टिमच्या ग्लिबसी लायब्ररीचं ऐकतो. रेड हॅट ७ मध्ये ती २.१७ होती, ८ मध्ये २.२८. या २.२८ मध्ये क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेटाबेसची आवृत्ती तीच, फायली त्याच, पण नावांवर बांधलेले जुने इंडेक्स आता चुकीच्या क्रमाने लावलेले ठरतात. डेटाबेस आनंदाने उठतो, पान दिसतं आणि असलेलं नाव शोधल्यावर सापडत नाही. एकमेवतेची अट असूनही तेच नाव दुसऱ्यांदा घुसू शकतं. उपाय म्हणजे दार उघडायच्या आत असे इंडेक्स पुन्हा बांधणं. हे काम करायला स्क्रिप्टमध्ये थांबा नसेल तर ते कधीच होत नाही.

प्रत्यक्ष रात्री ब्रिज कॉलवर बारा-पंधरा जण होते, त्यातले बरेचसे म्यूटवर. ड्रेन झालं, रिपोर्ट थांबला. एजंट थांबेना. सिस्टमडी न सांगता ९० सेकंद वाट बघते आणि मग नऊ नंबर मारते, ती मुदत तिने या एका सेवेसाठी आधीच वाढवून ठेवली होती.

“मॅडम, मारू का? वेळ चाललाय,” ज्युनियर म्हणाला.

“थांब. उघडी फाइल कुठली आहे ते बघ.”

त्याने एलएसओएफ चालवलं. “डॉट पार्ट आहे एक. साइज वाढतेय.”

“मग जाऊ दे तिला पूर्ण.”

कॉलवर कुणीतरी अनम्यूट होऊन विचारलं, अजून किती वेळ. डेटाबेस सांभाळणारा डीबीए म्हणाला, “सर, अर्धी फाइल गेली तर सकाळी समोरच्या बँकेला तुम्ही फोन कराल का?” पुन्हा सगळे म्यूट. फाइल गेली, नावामागचं डॉट पार्ट निघालं, एजंट आपणहून थांबला.

अपग्रेडमध्ये सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. कन्सोलवर पॅकेजची नावं सरकत राहिली. गंमत नंतर झाली. अ‍ॅप्लिकेशन व्यवस्थित उठलं, पण तपासणी नापास म्हणू लागली. पान येत होतं, उत्तर बरोबर होतं. संस्थेच्या जुन्या तपासणी स्क्रिप्टचा एक तुकडा तसाच ठेवला होता, तो आलेलं उत्तर वाचायला ‘पायथन’ला हाक मारत होता. रेड हॅट ८ मध्ये नुसत्या ‘पायथन’ नावाची आज्ञाच नाही, ‘पायथन३’ आहे. लीपच्या अहवालात हे छापलेलं होतं, पण अहवाल वाचतात अडथळ्यांसाठी. ही नोंद खाली, सूचनांमध्ये. तीन गोष्टींपैकी एक नापास म्हणून स्क्रिप्टने दार उघडलं नाही आणि माणसाला बोलावलं. तिने नाव दुरुस्त केलं, इंडेक्स बांधून झाल्याचा डीबीएचा होकार घेतला, रिकामी फाइल काढली आणि ड्रेन उठवला.

सोमवारी अ‍ॅप्लिकेशन पुरवणाऱ्या वेंडरचा मेल आला: आमची मूळ स्टॉप स्क्रिप्ट न वापरल्यास सपोर्ट मिळणार नाही. हा वाद या धंद्यात नेहमीचा आहे आणि वेंडरची बाजू अगदीच चूक नसते, कारण बाहेरच्या स्क्रिप्टने बिघडवलेलं निस्तरायला त्यांनाच बोलावतात. मधला मार्ग निघाला. तिची स्क्रिप्ट आतून वेंडरचीच स्क्रिप्ट बोलावते, फक्त आधी ‘कशाला हात लावायचा’ आणि नंतर ‘खरंच थांबलं का’ हे स्वतः बघते. ‘जावा’ शोधून सगळ्यांना मारणारी ओळ वेंडरनेही काढून टाकली. सगळं गिटमध्ये गेलं, अण्णांच्या वाक्यासकट.

रिपोर्टचा प्रोग्रॅम आता सिस्टमडीच्या नोंदीत आहे. तो नक्की कुठल्या विभागाचा, हे विचारणारं टिकीट मात्र उघडंच आहे. अकाउंट्स म्हणतं ऑडिटचा, ऑडिट म्हणतं अकाउंट्सचा. रेड हॅट ८ ची देखभाल मे २०२९ पर्यंत आहे, तोवर उत्तर येईल असं ज्युनियरचं म्हणणं आहे. तिने त्याला तेवढ्यात पुढच्या सर्व्हरचे क्रॉनटॅब काढायला बसवलंय.